उत्तरेकडे डोकं

“असे नाई बाबाजी, डोकं या बाजूनं करा,” एक्स-रे काढणारी ती पोरगी म्हणाली, आणि अण्णाजी गुल्हाने टेबलाच्या काठावर बसले होते ते बसलेच राहिले. खुबा बदलल्यापासून हे टेबल त्यांच्या ओळखीचं झालं होतं. ऑपरेशननंतर लगेच एकदा, मग काही महिन्यांनी, मग गेल्या वर्षी, दर वेळी याच खोलीत, याच थंडगार टेबलावर ते निजले होते, आणि दर वेळी डोकं दाराकडे, पाय भिंतीकडे. दार दक्षिणेला होतं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण सेलूच्या शिवारात ज्याचा उभा जन्म वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात गेला त्याला दिशा विचारावी लागत नाही. वर्ध्याच्या या मोठ्या दवाखान्यात चार वळणं घेऊन, लिफ्टमध्ये घालून, बिनखिडकीच्या खोलीत नेऊन सोडलं तरी दक्षिण कुठं आहे ते त्याच्या पाठीला कळतं. म्हणजे आजवर त्यांचं डोकं दक्षिणेला असायचं, जिवंत माणसाचं असावं तसं. आज ही पोरगी त्यांना फिरवून निजवत होती. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. असं कुणाला निजवतात ते सेलूतलं शेंबडं पोरही सांगेल.

“मले उलटं काऊन निजवून राह्यली, बाई?” त्यांनी विचारलं. पोरीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर काजल असं नाव होतं. “आता असंच घेतो आमी. यानं किरणं कमी लागतात,” ती म्हणाली आणि त्यांच्या पायांच्या अंगठ्यांना धरून पाय आत वळवू लागली. तेवढ्यात काचेमागून एका पुरुषाचा आवाज आला, “मेटल आहे न त्याईच्यात? मंग फिरवूनच घे.” मग ती आत गेली, श्वास धरा म्हणाली, मशीन किंचित बोललं आणि गप्प झालं. गेल्या वर्षी ते जास्त वेळ बोललं होतं, अण्णाजींना पक्कं आठवत होतं. छताकडे पाहत ते तसेच पडून राहिले. दक्षिणेकडे केलेले पाय त्यांना परक्याचे वाटत होते. कमी लागतात म्हणे! बाजारात इतकी वर्षं काढली, पण कमी देऊन तुमचंच भलं करतो म्हणणारा माणूस सरळ निघालेला त्यांनी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर आणला, क्षणभर पाहिला आणि म्हणाले, “मस्त आहे. पुढच्या वर्षी या.” एवढंच. अण्णाजींनीही पडद्याकडे मान लांबवली होती. कंबरेची हाडं, त्यात तो पांढराशुभ्र दांडा आणि त्याची वाटी. पण सगळं कसं रवाळ, जाड रव्यातून पाहिल्यासारखं. मागच्या वेळी ते काळंभोर आणि स्वच्छ होतं. ‘मस्त आहे’ म्हणताना डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहता आदेशकडे पाहिलं होतं, आणि आदेश, त्यांचा पोरगा, एरवी डॉक्टरला दहा प्रश्न विचारून भंडावणारा, नुसता हो हो करत होता. बाहेर आल्यावर “बाबा, बसा जरा, गाडी काढतो,” म्हणून जो गेला तो बऱ्याच वेळानं उगवला. दुसऱ्या कुणीतरी आडवी गाडी लावून वाट अडवली होती म्हणाला. असेलही. पण गाडी काढायला गेलेला माणूस वाटेत डॉक्टरच्या खोलीत डोकावून येऊ शकतो, हे अण्णाजींना कुणी शिकवायला नको होतं. ते स्वतः असेच डोकावून आलेले होते, एकेकाळी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. पवनारचा पूल मागे पडला, धाम नदीचं पाणी उन्हात चमकून गेलं, आणि मोटरसायकलवर पोराच्या पाठीमागे बसलेल्या अण्णाजींना सहा वर्षांपूर्वीची मंदा दिसायला लागली. मंदाबाई, त्यांची बायको. पोटात गाठ निघाली होती तिच्या. तेव्हाही डॉक्टरनं ‘पुढच्या महिन्यात दाखवा’ असंच मोकळेपणानं सांगितलं होतं, तिच्यासमोर. आणि ते चिठ्ठी विसरली म्हणून परत आत गेले तेव्हा खांद्यावर हात ठेवून खरं काय ते सांगितलं होतं. त्या दाराशी उभ्या उभ्या अण्णाजींनी ठरवून टाकलं की तिला हे कळू द्यायचं नाही. मग त्यांनी ते काम असं केलं, की कुणी म्हणावं या माणसानं भाजी पिकवण्यात उगीच आयुष्य घालवलं. बहिणी, मेव्हणे, भाचे भेटायला यायचे, त्यांना ते बस स्टँडवरच गाठून ताकीद द्यायचे, तिच्यापुढे डोळे पुसाचे नाईत, रडाचं असन त अठीच रडून घ्या. सूज आहे म्हणे, उतरन, असं त्यांनी मंदाला इतक्यांदा आणि इतक्या सहज सांगितलं की कधी कधी त्यांचाच त्यावर विश्वास बसायचा. वर्ध्याला गेले की गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणायचे. ती आवडीनं खायची. चहात बुडवून, कडा मऊ झाल्या की. आणि बाजारात बसली की समोरची बाई वांग्याला हात लावायच्या आधी ‘ही घेणार नाही, नुसती भाव विचारून जाईल’ असं पुटपुटणारी, आणि जवळपास कधीच न चुकणारी ही बायको शेवटपर्यंत फसली. तिच्या तेरवीला पानावर बसलेल्या माणसांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं, “तिले कळू नाई देलं. सुखानं गेली.” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नंतरची वर्षं ते या एका वाक्यावर रेटत आले होते. घर रिकामं वाटलं की हे वाक्य काढायचं, मनातल्या मनात फिरवायचं आणि परत ठेवून द्यायचं. इतर काही जमलं नसेल, पण तेवढं जमलं.

तर ज्यानं हे सगळं केलं आहे त्याच्यापासून हे लोक लपवायला निघाले होते! अण्णाजींना भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीच्या वर थोडा रागही होता, मास्तरला मास्तरकी शिकवल्याचा. घरी आल्यापासून त्यांनी नजर ठेवली. दुसऱ्याच दिवशी आदेश गोरसपाकाचा पुडा घेऊन आला. ‘खा न बाबा, एखादा’ म्हणाला. त्यांना साखरेचा आजार म्हणून चहात अर्धा चमचा साखर घालतानाही हात आखडणारी सून, सरिता, तिथंच उभी होती आणि काही बोलली नाही. अण्णाजींनी पुड्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग खर्ऱ्याचं झालं. बंडीच्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी धुण्याच्या वेळी सरिताच्या हाती लागली की घरात महाभारत ठरलेलं. या वेळी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तिनं पुडी काढली, हातात घेऊन क्षणभर थांबली, आणि बंडी धुवायला घेऊन पुडी त्यांच्या उशाशी आणून ठेवली. एक शब्द नाही. म्हणजे आता खर्ऱ्यानं काय व्हायचं उरलं आहे, असं! अण्णाजी त्या पुडीकडे दुपारभर पाहत बसले. खायची इच्छा झाली नाही.

त्यांनी आदेशची परीक्षा घेतली. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणाले, “वांग्यात आता दम नाई राह्यला. येत्या साली केळी लावू.” केळी हा या घरातला जुना वाद. बापानं केळी म्हणावं आणि पोरानं पाण्याचा हिशेब, वाऱ्याचा धोका, व्यापाऱ्यांची लबाडी असं सगळं ताटात ओतावं, ही रीत. आदेश म्हणाला, “लावू न बाबा. तुमाले वाटते त लावू.” आणि भाकरीचा तुकडा मोडायला लागला. केळीला वर्ष लागतं. ज्याला वर्ष नाही त्याच्याशी वाद कशाला घालायचा, नाही का? त्यांनीही मंदाशी असाच वाद घालणं बंद केलं होतं. तिनं म्हणावं घराला निळा रंग द्या, यांनी म्हणावं देऊ. तिनं म्हणावं गाय विकू नका, यांनी म्हणावं नाई विकत. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता खरं पाहता या घरात मुरत असलेलं पाणी अण्णाजींचंच होतं. दवाखान्यातून आल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते, ताटावरून अर्धपोटी उठत होते, शेतात जाऊन बांधावर नुसते बसून येत होते. ते पाहून पोरगा आणि सून बावरली होती आणि म्हाताऱ्याला दुखवायचं नाही म्हणून पडतं घेत होती; आणि ती पडतं घेतात म्हणून म्हातारा आणखी गप्प होत होता. पण माणूस आतून पाहत असतो तेव्हा त्याला हे दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की सरिता फोनवर हळू आवाजात आपल्या आईला सासऱ्याबद्दल सांगते आहे, “मामाजी काईच बोलत नाईत वं. मले त भेव वाटून राह्यलं.” अण्णाजी तेव्हा संडासातून येत होते, भिंतीला धरून. ते तिथंच थबकले. भेव वाटते! बोलायला हवं ते बोलत नाही, आणि भेव हिलाच वाटते. त्यांना एकाएकी फार एकटं वाटलं. मरायचं त्यांना इतकं भय नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती. पण आपल्याच घरात आपल्याच मरणाबद्दल सगळे जण आपल्या पाठीमागे बोलणार आणि आपण मध्ये येडपटासारखे गोरसपाक खात बसणार, हे त्यांना सहन होईना. जे असेल ते त्यांना माहीत हवं होतं. त्यांच्या हक्काचं होतं ते.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन येतो म्हणून ते निघाले आणि वर्ध्याची बस धरली. डॉक्टरकडे जाण्यात अर्थ नव्हता, डॉक्टर मुरलेला असतो. पोरगी नवी होती. ती दुपारच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर डबा उघडून बसलेली सापडली. पोळी आणि वांग्याची भाजी. अण्णाजी तिच्या शेजारी बसले, काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली, आणि अडत्याकडून खरा भाव काढायला ते जो डाव टाकत तोच टाकला. “पोरानं मले समदं सांगतलं आहे, बाई. लपवू नोको. तू फक्त किती दिवस थेवढं सांग.”

काजलनं त्यांच्याकडे पाहिलं. अण्णाजी तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. खोटं बोलणारा माणूस उत्तर चटकन देतो, कारण त्याचं उत्तर आधीच तयार असतं. हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. काजलला उत्तरच सापडत नव्हतं. “किती दिवस काय बाबाजी? तुमी कोण?” ती म्हणाली, आणि मग काठी, खुबा, तोंड असं एकेक ओळखत, “हां, थे सेलूवाले. रिपोर्ट चांगला होता न तुमचा. काय सांगतलं पोरानं?”

“मंग मले मुर्द्यासारखं काऊन निजवलं?” अण्णाजींचा आवाज चढला. समोरून जाणारी एक बाई वळून पाहू लागली. “डोकं उत्तरेले, पाय दक्षिणेले. आधी त कधी नाई निजवलं. आन फोटोबी अर्धामुर्धा काढला. रवाळ. मी पाह्यला.”

आधी तिला हसू येत होतं, पण म्हाताऱ्याची हनुवटी थरथरते आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ते तिनं गिळलं. तिनं डब्याचं झाकण बाकावर ठेवलं, त्यावर एका टोकाला लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी आणि दुसऱ्या टोकाला एक फोड मांडली. “हे टेबल,” ती म्हणाली. “याच्या खाली मशीनचे डोळे असतात. या टोकाले दोन, त्या टोकाले एक. किरणं पुरेशी पोचली का थे पाहतात. पोचली की मशीन आपोआप बंद. आता तुमचा खुबा आहे लोखंडाचा...”

“लोखंड नाई, टायटॅनियम,” अण्णाजी म्हणाले.

“बरं, टायटॅनियम. पह्यले निजत होते तसे निजले की थो येते सरळ डोळ्यावर.” तिनं चमचा उचलून दोन फोडींवर धरला. “डोळ्याले दिसते अंधार. मशीनले वाटते, किरणं पोचलीच नाईत. मंग थे देतच राह्यते, देतच राह्यते. फुकटची तुमच्या अंगात. माणूस फिरवून निजवला की मेटल डोळ्यावरून सरकते. टेबल त नाई फिरवता येत, बोल्टानं कसलं आहे. म्हणून माणूस फिरवतो. फोटो थोडा रवाळ येते, पण पाह्याचं थे दिसते. वाटी हलली का, हाड झिजलं का. थे काई नाई तुमाले.”

अण्णाजी लोणच्याच्या फोडींकडे पाहत राहिले. पटत होतं. पटत होतं म्हणूनच त्यांना भरवसा वाटत नव्हता. “आन माह्यावर येवढी काटकसर कायले?” ते म्हणाले. “सत्तरी उलटली माही. थोडी जास्त किरणं लागली त काय बिघडणार आहे?”

“तुमी एकदाच आले का अठी? हा खुबा अजून पंधरा-वीस वर्सं चालन. दरसाली यावं लागन तुमाले. दर खेपेले जास्तीची कायले खाता?”

“आन ज्याचं काई खरं नाई, अशा माणसाले? त्यालेबी फिरवता?”

ती घास चावत होती, त्या भरात बोलून गेली. “त्याची थे फिकीर कोण करते बाबाजी,” ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिचे कान लाल झाले. “म्हणजे... त्याचं दुसरंच पाह्याचं असते.” ती खाली पाहून भाजीत पोळी फिरवायला लागली. अण्णाजींना मात्र तेवढं पुरलं. लपवायला बसलेला माणूस असं बोलणार नाही. ज्याच्याकडून अजून वीस वर्षांच्या फेऱ्यांची अपेक्षा आहे, त्यालाच हे लोक उत्तरेकडे डोकं करून निजवतात! ते उठले, काजलच्या डोक्यावरून हात फिरवला, “जेव वं माय, जेव,” म्हणाले आणि निघाले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की त्यांना भूक लागली आहे. स्टँडसमोर त्यांनी तर्री टाकलेला आलूबोंडा खाल्ला, वर दुसरा खाल्ला, आणि नाक गळायला लागलं तसं रुमालात शिंकरून बसमध्ये खिडकीजवळची जागा पकडली. त्यांना हलकं वाटत होतं. केळीचं काही खरं नाही, आदेशला सांगायला पाहिजे, वांगीच लावू, असा विचारही त्यांनी करून टाकला.

बस सुटली. अण्णाजी आपल्याच मूर्खपणाला हसत होते, पण त्या हसण्यात थोडं कौतुकही होतं. चूक झाली ती निष्कर्षात. नजरेत काही उणं नव्हतं. खर्ऱ्याची पुडी, केळीचा होकार, सरिताचा फोन, डॉक्टरची मान कुठे वळली, एकही गोष्ट सुटली नाही आपल्याकडून. आठवडाभरात सगळं गोळा केलं. ज्या घरात लपवण्यासारखं काही नव्हतंच, त्या घरातसुद्धा आपल्याला इतकं दिसलं. आजारी माणसाच्या बाजूनं पाहिलं तर सगळं दिसतं. पाहुण्याचे डोळे स्टँडवर रडून आलेले आहेत हे दिसत असेल. वाद घालायचा थांबलेला नवरा दिसत असेल.

आणि अण्णाजींचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

आपल्याला आठवडा लागला. मंदा सहा-सात महिने आजारी होती. त्या घरात तर खरोखरच लपवत होते, आणि लपवणारे कोण, तर बहिणी, भाचे, दारात पाऊल ठेवताच ‘किती चांगली दिसून राह्यली वैनी’ म्हणणारे. आणि पाहणारी कोण? वांग्यावर यायच्या आधी हात ओळखणारी. अण्णाजींनी खिडकीची सळई धरली. सूज आहे म्हणे, उतरन, असं ते सांगायचे तेव्हा मंदा काय म्हणायची? “मले वाटलंच होतं.” चटकन. दर वेळी चटकन, त्यांचं वाक्य संपायच्या आत. एकदाही तिनं विचारलं नाही की सूज आहे तर उतरत का नाही, एवढी सूज कशानं आली, दुसरा डॉक्टर पाहायचा का. जी बाई पावशेर मिरच्यांसाठी समोरच्याला उभा आडवा तपासून घ्यायची, तिनं आपल्या पोटाबद्दल काहीच विचारलं नाही. मग त्यांना ते बाजाराचं आठवलं, जे इतक्या वर्षांत कधी मनातही आलं नव्हतं. उठता येत होतं तोवर ती दुकानावर यायची, पण मागे पोत्यावर बसायची आणि त्यांना पुढे बसवायची. आंग दुखते म्हणायची. आणि मागून सांगत राहायची, बायांशी बोलताना हसत जा जरा, तुमचं तोंड पाहून गिऱ्हाईक पळते. सांबाराची काडी वर टाकून देत जा. त्या लांडगेबाईले उधार देत जा, थे बुडवत नाई. ते चिडायचे. त्यांना वाटायचं, आजारपणानं किरकिरी झाली आहे. ती त्यांना शिकवत होती. आपण गेल्यावर या माणसाची भाजी खपावी, एवढ्यासाठी.

तिला ठाऊक होतं. सगळं, पहिल्यापासून. आपण तिला फसवत नव्हतो, तीच आपल्याला फसवू देत होती. नवऱ्याला वाटतं आहे ना आपण सुखात आहोत, मग वाटू दे, म्हणून ती गोरसपाक चहात बुडवून खात होती. कुणाजवळ रडली असेल ती? कुणाजवळच नाही. ज्यानं जवळ बसायचं तोच दाराशी पहारा देत उभा होता. तेरवीचं ते वाक्य अण्णाजींनी सवयीनं एकदा मनात उचललं आणि ते त्यांच्या हातात राहीना. त्यांना मंदाचा भयंकर राग आला. एकटीनं! येवढं समदं एकटीनं! “सांगाचं होतं न मले,” ते मोठ्यानं बोलले.

शेजारी बसलेली बाई दचकली. देवळीकडची असावी, पायाशी भाजीची पिशवी होती. “काय म्हणता बाबाजी?” तिनं विचारलं, आणि मग त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून, “दुखून राह्यलं का काई?”

काही नाही, बरं आहे, असं म्हणायला अण्णाजींनी तोंड उघडलं. ते शब्द त्यांच्या जिभेवर नेहमी तयार असायचे. पण आज ते बाहेर आलेच नाहीत. भरल्या बसमध्ये, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत अण्णाजी रडायला लागले. बाईनं पिशवी मांडीवर उचलून घेतली आणि त्यांना थोडी जागा करून दिली.